तीन थरांची वडी

पक्वान्न म्हटले म्हणजे चूल, कढई आणि घाम या तिन्ही गोष्टी ओघानेच आल्या, अशी आपणां सर्वांची समजूत असते. पुरणपोळीस तवा हवा, अनारशास तळणी हवी, नानकटाईस भट्टी हवी. परंतु ज्या मिठाईविषयी येथे चार शब्द लिहावयाचे योजिले आहे, तिला भट्टी मुळीच लागत नाही. तळाशी बिस्किटांचा चुरा, मध्ये काजूचे लोणी आणि वर चॉकलेट असे तीन थर एकावर एक बसवून ती केवळ थंडीने गोठवावयाची असते. इंग्रज लोक अशा प्रकारास बार किंवा स्लाइस म्हणतात. आम्ही तिला सरळ वडीच म्हणतो. कारण थापणे, बोटाने कडा सारख्या करणे, सुरीने चौकोन पाडणे आणि कडेचे वाकडे तुकडे आपल्या वाट्यास यावेत म्हणून टपून बसणे, हे सारे संस्कार अस्सल वडीचेच आहेत.

यंदा आमच्या दहावीच्या वर्गाच्या निरोपसमारंभातील फराळाची कामगिरी आम्हां सहाजणांवर सोपविण्यात आली. शाळेत भट्टी नाही, आणि आचाऱ्यास बोलावण्याइतकी वर्गणीही नाही. यास्तव ही वडी करावी असे ठरले. मूळ बेत शेंगदाण्याच्या लोण्याचा होता. शेंगदाणा आणि चॉकलेट यांचे सख्य जगप्रसिद्ध आहे. शिवाय आम्ही पडलो देशावरचे लोक, आम्हांस शेंगदाणा परका नाही. जमलेल्या पैशांत शेंगदाण्याच्या वड्यांचे दोन ट्रे सहज होतील आणि प्रत्येकाच्या हातावर दोन दोन भरदार तुकडे पडतील, असा हिशेबही मांडून झाला.

हा हिशेब फळ्यावर लिहिला जात असतानाच, जून महिन्यात आमच्या वर्गात नव्याने दाखल झालेली एक वर्गभगिनी उठून म्हणाली, "तुम्ही सर्वांनी अवश्य करा. मी माझा डबा घरून आणीन. मला शेंगदाणा चालत नाही." तिच्याविषयी येथे जे लिहीत आहोत ते तिच्या व तिच्या आईच्या अनुमतीने लिहीत आहोत, हे प्रथमच सांगून ठेवितो.

'चालत नाही' हे शब्द आपण किती सैलपणे वापरतो! कोणास कारले चालत नाही, कोणास दुधीभोपळा चालत नाही. आणि आई रागावली म्हणजे दोन्ही चालू लागतात. या मुलीचे वावडे त्या जातीचे नव्हते. वैद्य ज्यास अॅलर्जी म्हणतात ते हे. शरीराची संरक्षक यंत्रणा शेंगदाण्यातील प्रथिनांस शत्रू समजून त्यांवर तुटून पडते, आणि या लढाईत इजा होते ती स्वतःच्याच शरीरास. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, वांती होते, आणि प्रसंग वाईट असेल तर काही मिनिटांत श्वास कोंडू लागतो. अशा वेळी अॅड्रिनलिनचे इंजेक्शन देऊन रोग्यास तात्काळ रुग्णालयात न्यावे लागते. दाणा भाजला, तळला, वाटला म्हणून त्याचा हा गुण जात नाही. आणि चमचाभरही नको, काहींना कणमात्र पुरतो.

आता महाराष्ट्रातील स्वयंपाकघराकडे या दृष्टीने एकदा पाहावे. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, साबुदाण्याच्या खिचडीत कूट, रश्शाला दाटपणा यावा म्हणून कूट, चटणी तर कुटाचीच. चिक्की आणि लाडू यांचे नावच घ्यावयास नको. फोडणीत घाण्याचे शेंगदाणा तेल. आणि यांपैकी बहुतेक ठिकाणी दाणा डोळ्यांस दिसत नाही. अशा प्रांतात ही मुलगी वाढली. लग्नकार्यात, वाढदिवसांस, शाळेच्या सहलींत ती आपला डबा घेऊन निराळी बसे. पूर्वीच्या शाळेत या प्रकारास ती इतकी सरावली होती की, आमच्यापुढे तिने ते अगदी सहज, फळ्याकडे पाहतच सांगितले. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता.

यावर आम्हां सहाजणांत जी चर्चा झाली ती येथे झाकून ठेवण्याचे कारण नाही. एकाने सुचविले की, तिच्यासाठी काजूच्या लोण्याची एक लहानशी वाटी निराळी करावी. काजू तिला चालतो, असे तिच्या डॉक्टरांनी तपासणी करून सांगितले होते. शेंगदाणा हा वस्तुतः तूर-हरभऱ्याच्या कुळातील, शेंगेत आणि भुईत होणारा, काजू झाडावरचा. दोहोंचे कूळ भिन्न. तथापि शेंगदाणा न चालणाऱ्या काही लोकांस काजू-बदामही चालत नाहीत. म्हणून हा निर्णय डॉक्टरांनीच द्यावयाचा असतो. दुसऱ्याने विचारले की, सर्वच वड्या काजूच्या का करू नयेत? तिसऱ्याने लगेच हिशेब केला: काजूचा भाव शेंगदाण्याच्या कित्येक पट, शिवाय ज्या स्वस्त चॉकलेटाच्या वेष्टनावर शेंगदाण्याचा अंश असण्याची सूचना छापलेली आहे ते टाकून महागडे घ्यावे लागेल, म्हणजे दोन ट्रेच्या जागी एकच ट्रे होईल. एकीसाठी चव्वेचाळीस जणांनी अर्धे का खावे? प्रश्न कठोर वाटला तरी गैरवाजवी नव्हता. वर्गणी सर्वांची होती. आणि सर्वांत अवघड गोष्ट अशी की, ती मुलगी स्वतः याच बाजूस होती. "माझ्यामुळे सर्वांचा वाटा कमी झाला, असे मला नको आहे," असे तिने निक्षून सांगितले.

हा पेच आमच्या वर्गशिक्षिकाबाईंच्या कानी गेला. त्यांनी निकाल दिला नाही. या वडीची कुळकथा मात्र सांगितली. ती अशी. कॅनडा देशाच्या पश्चिम टोकास ब्रिटिश कोलंबिया नावाचा प्रांत आहे. त्यातील व्हँकूव्हर बेटावर नानाइमो हे एके काळी कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले शहर आहे. तेथील रुग्णालयास साहाय्य करणाऱ्या महिलामंडळाने १९५२ साली एक पाककृतींचे पुस्तक काढले. त्यात अशा तीन थरांच्या, न भाजावयाच्या चॉकलेटवडीच्या जवळजवळ सारख्याच कृती होत्या. पुढील वर्षी, १९५३ मध्ये, ती नानाइमो बार या नावाने छापली गेली. पुढे त्या शहराने तिच्या उत्तम कृतीसाठी स्पर्धा लाविली, आणि २०१९ साली कॅनडाच्या टपालखात्याने तिचे चित्र तिकिटावर छापिले. मूळच्या वडीत तळाशी बिस्किटे, खोबरे व बदाम-अक्रोडांसारखा मेवा, मध्ये कस्टर्ड पावडर घातलेले गोड लोणी आणि वर चॉकलेट असते. मधल्या थरात शेंगदाण्याचे लोणी घालण्याचा प्रघात तिच्याच विस्तारातला.

"आता ही कस्टर्ड पावडर कोठून आली?" असे म्हणून बाई क्षणभर थांबल्या. कस्टर्ड म्हणजे दूध, साखर व अंडी यांची गोड, दाट खीर. इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधविक्रेता होता. त्याच्या पत्नीस अंडे चालत नसे, आणि कस्टर्ड तर अंड्यावाचून होत नसे. तेव्हा १८३७ साली त्याने अंड्याऐवजी मक्याचे सत्त्व योजून कस्टर्डची पूड तयार केली. ती त्याने केली घरातील एका माणसासाठी. आणि आज ज्यांस अंडे खुशाल चालते, असे असंख्य लोक जगभर तीच वापरतात. बाई एवढेच सांगून निघून गेल्या.

त्यानंतर आमची चर्चा फार वेळ चालली नाही. ज्या वडीच्या मधल्या थरातच एका वावड्याची आठवण मुरलेली आहे, तिच्या दोन जाती करून एक सर्वांची व एक एकीची असे वाटप करणे कोणासच रुचेना. हिशेब मांडणाऱ्यानेच खडू घेऊन 'दोन ट्रे' पुसले व 'एक ट्रे, लहान तुकडे' असे लिहिले. मुलीची समजूत मात्र एवढ्याने पटली नाही. तेव्हा तिला आम्ही म्हटले, "उपकार करीत असू तर तो तूच आमच्यावर करावयाचा आहेस. आमच्या सर्वांच्या घरच्या मिक्सरांत नित्य कूट होते; तुझ्या घरचे एकच स्वयंपाकघर असे आहे की, जेथे दाणा शिरलेला नाही. वड्या तुझ्या घरी झाल्या तरच होतील." हे खरेच होते, आणि खरे होते म्हणूनच तिला ते मानावे लागले. अशा रीतीने जी निराळ्या बाकावर बसावयाची, तीच या कार्याची यजमानीण झाली.

समारंभाच्या आदल्या दिवशी सायंकाळी आम्ही तिच्या घरी जमलो. तिच्या आईने, म्हणजे आमच्या काकूंनी, प्रथम आमचे हात साबणाने धुवविले आणि नंतर आणलेली प्रत्येक वस्तू दिव्याखाली धरून तिच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचिली. बिस्किटे, चॉकलेट, कोको, साखर, काहीही सुटले नाही. आपल्या देशात २०२० च्या नियमांप्रमाणे, पदार्थात शेंगदाण्यासारखी वावड्याची वस्तू असल्यास तसे वेष्टनावर छापावे लागते. "मागील खेपेस वाचले होते म्हणून या खेपेस न वाचता घेऊ नये, कारखानदार घटक बदलतात," असे काकू म्हणाल्या. काजू आम्ही तुकडा आणिला होता. अखंड गरापेक्षा तो स्वस्त पडतो, आणि वाटूनच घ्यावयाचा असल्यामुळे त्याच्या मोडलेपणास कोणी नाव ठेवीत नाही.

कृती येणेप्रमाणे. पाव किलो काजूतुकडा मंद आचेवर आठ-दहा मिनिटे, जेमतेम रंग पालटेपर्यंत भाजून घेतला व कोमट झाल्यावर मिक्सरमध्ये फिरविला. काजूचे लोणी होताना पाहणे हा मोठ्या मौजेचा प्रकार आहे. प्रथम भरड होते, मग पीठ होते, मग त्या पिठाचा कोरडा गोळा होऊन पात्याभोवती अडून बसतो. आणि आता हे असेच राहणार असे वाटू लागते. अशा वेळी पाणी घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. पाण्याने त्याची चटणी होईल, लोणी होणार नाही. यंत्रास विश्रांती देत, कडेचे खाली ओढीत पुनःपुन्हा फिरविले म्हणजे काजूच्या कणांत कोंडलेले तेल सुटू लागते आणि पाहता पाहता तो गोळा ढिला होऊन चकाकत वाहू लागतो. आम्ही एक चमचा खोबरेल तेल साहाय्यास दिले, तेही खाण्याचे.

तळाच्या थरासाठी दोनशे ग्रॅम मारी बिस्किटे स्वच्छ फडक्यात बांधून लाटण्याने कुटिली. त्यात पन्नास ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा कीस, दोन मोठे चमचे कोको व एकशेदहा ग्रॅम वितळलेले बिनमिठाचे लोणी मिसळिले. वीस सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेमध्ये बटरपेपर घालून हे मिश्रण वाटीच्या तळाने घट्ट दाबून बसविले. या थरात शिजणारे काही नाही; चुऱ्याच्या कणांस धरून ठेवणारे जे लोणी, तेच गार होऊन चुन्यासारखे आवळते. म्हणून दाबण्यात कुचराई केली तर कापताना पाया ढासळतो. ट्रे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेविला.

मधल्या थरासाठी काजूचे सर्व लोणी, साठ ग्रॅम मऊ लोणी, एकशेवीस ग्रॅम चाळलेली पिठीसाखर आणि दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर एकत्र फेटिली. त्या पावडरीवाचूनही वडी झाली असती. परंतु बर्डसाहेबांच्या पत्नीच्या मानाखातर ती घातलीच पाहिजे, असा आमच्या यजमानिणीचा आग्रह पडला. हा थर पसरून ट्रे पुन्हा तासभर गार केला. हा तास वाचविता येत नाही. वर ओतावयाचे चॉकलेट ऊन असते. खालचा थर पुरता गोठलेला नसला तर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि तीन थरांची वडी अडीच थरांची होते.

वरच्या थरासाठी दोनशे ग्रॅम चॉकलेट व पंचवीस ग्रॅम लोणी, गरम पाण्याच्या पातेल्यावर दुसरे भांडे ठेवून, वाफेच्या उबेवर वितळविले. यात पाण्याचा थेंब पडता कामा नये; पडल्यास चॉकलेट एकदम घट्ट व खरबरीत होते. चॉकलेटातील कोकोचे लोणी चौतीस अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या शरीराच्या उष्णतेहून थोडे खालीच वितळते. म्हणूनच ते फ्रीजमध्ये दगडासारखे होते आणि जिभेवर ठेविताच विरघळते. लोणी घातल्याने वरचा थर किंचित मऊ राहून सुरीखाली तडकत नाही. तो अर्धवट गोठला असता काकूंनी सुरीने हलकेच रेघा आखून घेतल्या. पुरता गोठल्यावर, प्रत्येक वेळी सुरी ऊन पाण्यात बुडवून व पुसून, त्या रेघांवरून तुकडे पाडिले. सात उभ्या व सात आडव्या ओळी, एकंदर एकोणपन्नास तुकडे. कापलेल्या कडेवरून पाहता काळसर, पिवळसर व पुन्हा काळा असे तीन थर पट्टीने आखल्यासारखे दिसत होते.

त्या थंड ट्रेकडे पाहताना आम्हांस एक गंमत वाटली. शेंगदाणा, काजू आणि चॉकलेटचा कोको या तिघांचेही मूळ माहेर अमेरिका खंड. पहिले दोघे दक्षिण अमेरिकेतून निघून आपल्याकडे आले व असे रमले की, शेंगदाण्यावाचून देशावरचा आणि काजूवाचून कोकणातला स्वयंपाक आज कल्पिता येत नाही. परदेशी पाहुण्यांस आपल्या चुलीपाशी बसवून घेण्यात आपण असे उदार. तर वर्गातील एका मुलीसाठी एक डबा दाणा बाजूस ठेवणे जड का जावे?

दुसऱ्या दिवशी बर्फ घातलेल्या पेटीतून ट्रे शाळेत आला. वर्गातील पंचेचाळीस विद्यार्थी, वर्गशिक्षिकाबाई, मुख्याध्यापक, आमचे शिपाईमामा आणि काकू अशी एकोणपन्नास माणसे झाली, तुकडाही तेवढाच. तो दोन घासांचा होता, याबद्दल कोणी कुरकुर केल्याचे आमच्या कानी आले नाही. 'आणखी आहे का?' असे मात्र पुष्कळांनी विचारिले. आमची वर्गभगिनी रांगेत मध्येच कोठेतरी उभी होती. तिची पाळी आली तेव्हा तिने यात काय घातले आहे म्हणून कोणास विचारिले नाही, आईकडे वळून पाहिले नाही, पिशवीतून डबा काढिला नाही. इतरांप्रमाणे हात पुढे केला, तुकडा उचलिला आणि मैत्रिणीशी चाललेले बोलणे न थांबविता खाऊन टाकिला. काकू खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांच्या पिशवीत औषध होतेच. पण तो तुकडा संपेपर्यंत त्यांनी स्वतःचा तुकडा तोंडात घातला नव्हता, हे आम्हीं पाहिले.

वाचकांपैकी ज्यांना ही वडी करून पाहावयाची असेल त्यांनी जरूर पाहावी. घरात कोणास वावडे नसेल तर काजूच्या जागी भाजून सोललेल्या शेंगदाण्याचे लोणी घालावे. वडी स्वस्त होईल आणि चवीतही उणी पडणार नाही. मात्र परक्या मुलांच्या हातावर ठेवण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. पालकांसही आमची नम्र विनंती आहे की, वाढदिवसाचा खाऊ शाळेत पाठविण्यापूर्वी वर्गात कोणास काय चालत नाही याची चौकशी करावी, आणि 'थोडेसे खाल्ल्याने काय होते' असा आग्रह कोणत्याही मुलास करू नये. ज्याचे वावडे असते त्यास ते सांगताना दर वेळी उठून उभे राहावे लागते. आपण आधी विचारिले तर त्याचे तेवढे उभे राहणे वाचते.